तसबिरीतलं कुंकू

बाई, तसबिरीत तुमच्या कपाळाला कुंकू लावलं त्यांनी. चांगलं ठसठशीत, गोल, लांबून दिसेल असं. हातात हिरव्या बांगड्या, अंगावर जरीकाठी लुगडं, आणि डोक्यावर काळेभोर केस, मधोमध भांग पाडून मागे अंबाडा घातलेले. खाली सोनेरी अक्षरांत तुमचं नाव, आणि तुमच्या नावाखाली, जरा मोठ्या अक्षरांत, शाळा कमिटीच्या चेअरमनसाहेबांचं. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमच्याशी मनातल्या मनात बोलायची माझी सवयही मोडली होती. पण आज रविवार आहे, गिरणीचा भोंगा मुका आहे, शाळेत माझ्याखेरीज चिटपाखरू नाही, आणि डोकं असं तापलंय की कुणापुढे तरी ओकल्याशिवाय ते निवायचं नाही. घरी बोलायची सोय नाही. घरी म्हणतात, पगार कमिटीचा खातेस, तोंड सांभाळ. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे, तुमच्याच खुर्चीत. तिचा मोडका हात अजून मोडकाच आहे.

गावची कमिटी म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगणार? घराघरातून पट्टी गोळा करायची, तिच्यातून पेठेतले दिवे लावायचे, गटारं उपसायची, नळ बसवायचे आणि पोटातल्या शाळा कमिटीकडून ही मुलींची शाळा चालवायची. तुमच्या वेळी मेंबर लोक जरीच्या पगड्या घालून यायचे आणि कलेक्टरसाहेबाचं नाव निघालं की उभे राहायचे. आता खादीच्या टोप्या घालून येतात आणि देशाचं नाव निघालं की उभे राहतात. माणसं बहुतेक तीच, नाहीतर त्यांचे मुलगे. दिवे निवडणुकीच्या तोंडावर लागतात आणि निकाल लागला की तेल संपतं. आपल्या शाळेचा नळ मंजूर झाला होता, ऐकलंत का? तुम्ही गेल्यानंतर पुढल्याच साली. रस्ता खणला, नळी टाकली, ती सरळ निघाली ती चेअरमनसाहेबांच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथंच दमली. तिथून शाळा हाकेच्या अंतरावर. पण त्यापुढे म्हणे खडक लागला. त्यांच्या अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी कारंजं आहे आता. त्याला खडक लागला नाही.

गेल्या उन्हाळ्यात कुणी मोठे पुढारी आले होते. तुम्हाला आपलं ऊन आठवत असेल. पाटी हातात धरली तरी चटका बसतो. स्टेशनापासून सभेच्या जागेपर्यंत धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर पाण्याच्या गाड्या फिरत होत्या, एकामागून एक, आणि आपला रांजण सकाळपासून कोरडा. मुली खिडकीला लोंबकळून बघत होत्या. विणकराच्या घरातली एक पोर, घरी तेलुगू बोलणारी, आपलं मराठी अजून नीट बसलेलं नाही तिच्या तोंडात, ती मला म्हणाली, "बाई, रस्त्याला लई तहान लागलीया व्हय?" मी म्हटलं, बस खाली, पाढे म्हण. तुम्हीही तेच म्हणाला असतात.

पाढ्यांवरून आठवलं. मी पहिल्यांदा तुम्हाला घाबरले ती खडूपायी. एक तुकडा, नखाएवढा, मी घरच्या ओसरीवर रेघोट्या ओढायला म्हणून परकराच्या ओच्यात बांधला होता. तुम्ही ओच्याची गाठ सोडायला लावलीत, सगळ्यांदेखत. मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. "हा खडू माझा नाही, तुझा नाही. गावाचा आहे. ठेव जागेवर." एवढंच. मला वाटलं, सगळं गाव आता आमच्या दारात खडू मागायला येणार. बाई, त्या एका वाक्यानं माझं नुकसान फार केलं हो. अजूनही कमिटीची शाई दौतीत उरली तर मी घरी नेत नाही, आणि तिकडे गावाच्या नळीवर कारंजी उडतात. तुम्ही ते वाक्य चुकीच्या माणसांना शिकवलंत. आम्ही परकरातल्या पोरी, आमच्या ओच्यात जाऊन जाऊन जाणार काय? ते वाक्य कमिटीच्या खोलीत जाऊन सांगायचं होतं.

पण तुम्हाला त्या खोलीत जाऊ कोण देत होतं? दरवर्षी होळी झाली की तुम्ही नळाचा अर्ज घेऊन निघायचात. एकदा मला बरोबर नेलंत. मी तेव्हा वरच्या इयत्तेत होते. विधवेचं तांबडं आलवण, पदर कपाळाच्या खाली ओढलेला, हातात घडी घातलेला कागद. कमिटीचा शिपाई बाहेर आला आणि खाली बघत म्हणाला, "बाई, मेंबर येऊन बसू द्या की आधी. येताना समोर तुमी नगं. मला बोलत्यात." तुम्ही पायरीच्या कडेला झालात आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलात. एकेक मेंबर येतो, जोडे वाजवतो, आत जातो. तुम्ही भिंतीकडे बघताय. मी तुमचा पदर ओढला, म्हटलं, बाई, आपण काय चोर आहोत का? तर तुम्ही भिंतीलाच सांगितल्यासारखं हळू म्हणालात, "त्यांचा शकुन मोडला तर ते अर्ज मोडतील. उभी राहा गप." अर्ज दरवर्षी मोडलाच. पाठमोरं उभं राहणं तेवढं फुकट गेलं. रांजण भरायला पुन्हा तुम्हीच कळशी घेऊन विहिरीवर.

आणि संक्रांतीचं हळदीकुंकू. पेठेतल्या आया शाळेत याव्यात, पोरी काय शिकतात ते बघावं म्हणून ते सुरू केलंत तुम्ही. हलवा तुम्ही करायचात, तिळगूळ तुमच्या हातचा, कुंकवाची कोयरी घासूनपुसून तुम्हीच ठेवायचात, आणि पहिली बाई उंबऱ्यावर आली की तुम्ही मागच्या स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचात. एकदा मी द्रोणात तिळगूळ घेऊन मागे आले. तुम्ही चुलीपुढे पाटावर बसून शेंगदाण्याची टरफलं निवडत होतात, चूल विझलेली. "मला कशाला? पुढे वाट. आणि त्या साळ्याच्या घरच्या अम्मा आल्यात का बघ. आल्या असल्या तर त्यांना सांग, पोरगी हिशेबात हुशार आहे, लग्नाची घाई करू नका." तुम्हाला त्या अम्मांशी स्वतः बोलायचं होतं. बोलता आलं नाही. त्या आल्या होत्या, कुंकू लावून घेऊन गेल्या, आणि पोरीचं लग्न त्या वैशाखात झालं.

आता त्याच पुढच्या खोलीत तुमची तसबीर लागली. कशी लागली ते सांगते. चेअरमनसाहेबांना गावच्या निवडणुकीला उभं राहायचंय. चादरींचं दुकान आहे, पैसा आहे, टोपी आहे, फक्त काही केल्याचं दाखवायला हवं. नळ बसवला तर लोक विचारणार, इतके दिवस का नव्हता? मेलेल्या माणसाचा सत्कार बरा. मेलेलं माणूस काही मागत नाही. तर ठरलं, 'शाळेच्या आद्य संचालिका' म्हणून तुमचं तैलचित्र, बँड, गुलाबपाणी, पेढे, भाड्याच्या खुर्च्या, सगळं पट्टीच्या पैशातून. तुमचा फोटो जगात एकच, इन्स्पेक्टरसाहेब आले तेव्हाचा. मुलींच्या रांगेमागे उभ्या आहात, तोंड नीट दिसत नाही. तो माझ्याकडून घेऊन गेले. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, कुणाला तरी लाज वाटली. मी बावळट, मी तर मुलींकडून त्या दिवसासाठी गाणं बसवून घेतलं.

समारंभाच्या दिवशी भिंतीवर पडद्याच्या जागी चेअरमनसाहेबांच्याच दुकानातली कोरी चादर, लेबल तसंच ठेवलेलं. भाषणं झाली. 'माउली' म्हणाले, 'त्यागमूर्ती' म्हणाले. ज्यांचे वडील त्या पायरीवरून जोडे वाजवत आत गेले होते तेही बोलले. मग दोरी ओढली, चादर खाली आली, टाळ्या झाल्या, आणि माझ्या शेजारी बसलेली एक विणकरीण माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाई, ह्या आपल्या बाईंच्या धाकट्या भन हायत का वो?" तिची काय चूक? ती तुमच्या हाताखाली मुळाक्षरं शिकलेली. तिनं तुम्हाला आलवणातच पाहिलं.

आभार मानायचे माझ्याकडे होते. उभी राहिले. मी म्हटलं, "आमच्या बाई सोवळ्या होत्या, केशवपन केलेल्या. तांबडं आलवण नेसून, डोक्यावरून पदर घेऊन त्यांनी ही शाळा काढली. त्यांना पुढच्या खोलीत बसायची बंदी होती. आज ज्यांना पुढे आणून बसवलंय त्या कोण आहेत, मला ठाऊक नाही. आमच्या बाईंची तसबीर लावायची असेल तर होत्या तशी लावा. आणि त्यांनी जन्मभर एकच मागितलं होतं, शाळेला नळ. त्याचं काय झालं, तेही सांगा." पुढेही बोलणार होते, पण मी श्वास घ्यायला थांबले तर बँडवाल्यांना वाटलं भाषण संपलं. त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. लोक पेढ्यांकडे वळले. असा झाला माझा पराक्रम.

दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेब शाळेत आले. मला वाटलं होतं, नोकरीवर गदा येणार. छे. हे लोक रागवत नाहीत, बाई, तेच तर वाईट आहे. पानाचा डबा उघडला, मला हसून म्हणाले, "तुमची भावना कळते की आम्हाला. पण तुम्हीच विचार करा, हितं संक्रांतीला बायका येतात, हळदीकुंकू होतं. भिंतीवर तसलं डोकं बरं दिसतं का? मंगल दिसायला नको? आम्ही तर त्यांचा मान वाढवला." मी म्हटलं, मान वाढवायला आधी माणूस पुसावं लागतं का? त्यावर त्यांनी चुना लावत लावत शांतपणे सांगितलं, "बरं, तुम्ही म्हणता तर दुरुस्त करू. पेंटरला पुन्हा पैसे द्यावे लागतील. शाळेच्या सुधारणेला म्हणून या साली जे उरलंय ते नळाला ठेवलंय. एक तर नळ करू, नाहीतर तसबीर दुरुस्त करू. लोकांचा पैसा आहे, बाई, दोन्हीकडे उधळता येत नाही. तुम्ही सांगाल तसं." आणि वर म्हणाले, "उद्या कुणी म्हणायला नको की कमिटीनं हेडबाईंचं ऐकलं नाही."

बघितलंत? कारंज्याला विचारलं नाही, बँडला विचारलं नाही, गुलाबपाण्याला विचारलं नाही. लोकांचा पैसा आठवला तो नेमका माझ्या दारात. पोरींच्या घशाचं पाणी एका पारड्यात आणि तुमचं खरं तोंड दुसऱ्यात, आणि तराजू माझ्या हातात देऊन स्वतः पान खात निघून गेले. मी रागानं बोलले होते आणि त्या रागाचं बिल पोरींनी भरायचं. मला आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक होतं. तुम्ही म्हणाला असतात, माझं तोंड चुलीत घाल, नळ घे. पण तुम्ही जन्मभर तेच करत आलात, आपलं तोंड भिंतीकडे करून दुसऱ्यांचं काम मागत राहिलात, आणि मिळालं नाहीच. निदान मेल्यावर तरी कुणी तुमचं तोंड सरळ समोर धरावं की नको? मी ठरवलं, नळाला पुढे भांडीन, आयुष्य पडलंय, पण हे खोटं आधी उतरवीन. शाळेच्या शिपायाकरवी निरोप पाठवला, पेंटरला पाठवा. शिपाई मान हलवत गेला. "नळ घ्यायचा हुता, बाई. पोरींच्या पाण्यापायी हिरीवर रांगेत उभं ऱ्हाऊन माजं गुडघं गेलं," म्हणाला.

पेंटर काल शाळा सुटल्यावर आला. नाटकाचे पडदे आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, गरीब, बोलका. तसबीर उतरवून बाकावर आडवी ठेवली, पिशवीतून चिंधी काढली, टर्पेंटाइनची बाटली काढली, आणि एक पातळ पातं काढलं, रंग खरवडायचं. पातं त्यानं अंगठ्यावर घासून बघितलं. "मी काय करू बाई, सायबांनी सांगितलं मंगल पायजे. माज्या आक्काचे केस बघून रंगवले. लई मेहनत केली त्याला. आता कुटनं सुरू करू, सांगा. हितनं?" आणि पात्याची धार त्यानं तुमच्या कपाळाच्या वर, भांगाच्या सुरुवातीला टेकवली.

बाई, मी ती धार पूर्वी पाहिली आहे. तुम्हाला ठाऊक आहे मी पाहिली ते. पंधरवड्यातून एकदा न्हावी मागच्या दारानं यायचा. तुम्ही आम्हाला मोठ्यानं पाढे म्हणायला लावायचात आणि मागे जायचात. आम्ही ओरडत असू, आणि मागून तुमचा आवाज यायचा, "तेरा सत्ते एक्याण्णव. पुन्हा म्हणा." एकदा मी पाणी प्यायच्या निमित्तानं दाराच्या फटीशी गेले. तुम्ही मान खाली घालून बसला होतात. आलवण खांद्यावर, मान इतकी बारीक, लहान मुलीसारखी. डोळे उघडे होते, आणि तोंडानं आमचे पाढे चालू. तुम्ही मला पाहिलंत. आणि पुढचा पाढा जरा मोठ्यानं सांगितलात. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मला थांबवून घेतलंत, तेल लावून माझी वेणी घातलीत, इतकी घट्ट की कपाळ ताणलं. घालता घालता म्हणालात, "कुंकवाचं मला काही वाटत नाही गं. ज्याच्या नावाचं होतं त्याचं तोंडही मला आठवत नाही. केस मात्र माझे होते." मी विचारलं, मग वाढवत का नाही? पुण्याकडे वाढवतात म्हणे आता. तुम्ही वेणीला गाठ मारलीत. "वाढवले तर तुझी आई तुला इथं पाठवेल का?" माझी आई पाठवणार नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. शेवटची परीक्षा पास झाले तेव्हा तुम्ही मला तुमच्या ट्रंकेतली शिसवी फणी दिलीत. ती तुमच्याकडे कशाला होती, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही, ते बरं झालं.

पेंटर वाट बघत होता. मी म्हटलं, "कुंकू पुसा. बांगड्या पुसा. लुगड्याला तांबडा रंग द्या. केस राहू द्यात." त्याला आनंदच झाला. चिंधीनं आणि उरल्यासुरल्या रंगानं त्यानं उभ्या उभ्या काम उरकलं, पैसे मागितले नाहीत, म्हणाला एवढ्याला काय घ्यायचं. म्हणजे नळाचे पैसे जागेवर राहिले. शिपायानं ही बातमी चेअरमनसाहेबांना पोचवली आणि आज सकाळी ते स्वतः येऊन गेले. कुंकू गेलेलं बघून त्यांचं तोंड जरा वाकडं झालं, पण आता 'पैसे नाहीत' म्हणायची सोय राहिली नाही. उद्यापासून खणायला माणसं लावतो म्हणाले. खडक कुठे गेला, ते मी विचारलं नाही. नळावर त्यांच्या नावाची फरशी बसेल, निवडणुकीत ते त्या फरशीवरून चालत जातील, आणि पोरी ओंजळीनं पाणी पितील. पिऊ देत. मला म्हणाले, "बाई, तुम्ही मोठ्या मनाच्या. केसांचा हट्ट सोडलात, लोकांचा पैसा वाचवलात. मी सभेत सांगणार आहे." मी नमस्कार केला. लोकांचा पैसा वाचवल्याबद्दल या माणसानं माझी पाठ थोपटावी, यापरता शिव्या खाल्लेल्या बऱ्या.

हा कागद मी फणीच्या डब्यात ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? भर सभेत मी 'होत्या तशी लावा' म्हणून ओरडले, आणि समोर भिंतीवर आत्ता ज्या बसल्या आहेत त्या काही होत्या तशा नाहीत. कुंकवाचं खोटं कमिटीचं होतं. केसांचं माझं आहे. सगळ्यांना वाटतंय मी नळासाठी नमतं घेतलं, आणि मी तसं वाटू देते आहे. पण पातं टेकलं तेव्हा मला नळ आठवलासुद्धा नाही. आणि खरं सांगायचं तर, त्या दिवशी चादर खाली आली ना, तेव्हा राग मागून आला. त्याच्या आधी माझ्या मनात आलं होतं, अगं बाई, किती छान दिसताय.